रोवणावरची अळंबी: ओळख, आहार, औषधी दावे आणि धोके (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोकण, गोवा, सह्याद्रीचा घाटमाथा आणि पूर्व विदर्भ या भागांत पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या अळंबीबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर ओळख, शिजवणं आणि विषबाधा हे भाग आधी वाचा.

रोवणावरची अळंबी म्हणजे नेमकी कोणती?

रोवण म्हणजे वाळवीचं वारूळ. त्यातून उगवणारी, टर्मिटोमायसिस या प्रजातीतली अळंबी. फ्रेंच बुरशीतज्ज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये ही प्रजाती मांडली. आफ्रिका आणि उष्ण कटिबंधातला आशिया मिळून तिच्या तीसेक जाती आहेत. सगळ्या वाळवीच्या भरवशावर जगतात. आपल्याकडे कुठे रोवणाची अळंबी, कुठे अळमी, विदर्भात सात्या किंवा टेकोडे म्हणतात. पण यातलं कुठलंच नाव एका जातीला घट्ट बांधलेलं नाही. एका गावात ज्याला सात्या म्हणतात तेच दुसऱ्या गावातही मिळेल असं धरून चालू नका.

वाळवीशी तिचा संबंध काय?

वाळवीला लाकूड आणि पाचोळा थेट पचत नाही. कामकरी वाळवी तो चघळून आणते, बुरशीच्या बीजाणूंसकट (ज्यांपासून नवी बुरशी वाढते ते सूक्ष्म कण) पोटातून झटपट बाहेर टाकते आणि त्याचं सच्छिद्र पोळं रचते. पोळ्यावर बुरशी वाढते आणि लाकडातला चिवट भाग मोडते. वाळवी त्या पोळ्याचा जुना भाग आणि त्यावर धरणारे पांढरे बारीक दाणे खाते. पावसाची ओल खोलवर पोचली की याच पोळ्यावरून एक लांब मूळ माती भेदत वर येतं आणि जमिनीवर छत्री उघडते.

याला अपवाद आहे टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस. वाळवीने बाहेर आणून टाकलेल्या पोळ्याच्या चुऱ्यावरच ती उगवते. छत्री जेमतेम एक-दोन सेंटिमीटरची, पण एका जागी शेकड्यांनी. तिला खोल मूळ नसतं, त्यामुळे पुढे दिलेली मुळाची खूण तिला लागू पडत नाही.

ती कधी आणि किती दिवस मिळते?

आषाढ-श्रावण हा मुख्य काळ. सलग पाऊस होऊन मध्ये दमट उघडीप मिळाली की एकाच वारुळावर एकदम उगवते. कळी वर दिसल्यापासून छत्री पूर्ण उघडायला एक-दोन दिवस लागतात, आणि त्यानंतर दिवसभरात किडे लागून ती बसते. त्याच वारुळावर पुढच्या वर्षीही साधारण त्याच सुमारास येते, म्हणून जाणकार जागा लक्षात ठेवतात आणि सहसा कुणाला सांगत नाहीत.

पक्की ओळख कशी पटवायची?

एका खुणेवर नव्हे, सगळ्या खुणा एकत्र जुळल्यावर.

पहिली खूण मूळ. एका अळंबीभोवतीची माती सुरीने सावकाश बाजूला करत खाली जा. देठ जमिनीखाली संपत नाही, निमुळता होत खाली उतरतो, कधी हातभर खोल. मातीतल्या भागाची साल पिवळट, तपकिरी किंवा काळपट असते, आत मात्र पांढरे चिवट धागे. हे मूळ शेवटी वाळवीच्या पोळ्याला भिडतं. ही तपासणी वारुळामागे एकाच अळंबीची करायची. प्रत्येक उपटून बघायची गरज नाही.

दुसरी खूण छत्रीच्या मधलं टोक. माती फोडून वर यायचं असल्याने मधोमध घट्ट, बहुधा गडद रंगाचा उंचवटा असतो. टर्मिटोमायसिस क्लिपिएटसमध्ये तो काट्यासारखा अणकुचीदार असतो, युरायझसमध्ये बोथट आणि तपकिरी. छत्री पसरली की कडेपासून टोकाच्या दिशेने उभी फाटते.

तिसरी खूण छत्रीखालचे पापुद्रे. ते दाट असतात, देठाला चिकटलेले नसतात, आधी पांढरे आणि पिकताना गुलाबीसर होतात. गर पांढरा असतो आणि कापल्यावर निळा, लाल किंवा पिवळा पडत नाही.

देठावर कडं असेल तर ती विषारी, असा सरसकट नियम अनेकांच्या तोंडी असतो. तो चूक आहे. आपल्याकडे सापडणाऱ्या टर्मिटोमायसिस हाइमीच्या देठावर जाड, टिकाऊ कडं असतंच. उलट, कडं नसलेल्या अनेक अळंब्या विषारी आहेत.

वारुळावर उगवली म्हणजे खाण्याचीच ना?

नाही. विषबाधेची बरीच प्रकरणं याच समजुतीतून सुरू होतात. वारूळ म्हणजे शेवटी मातीचा ढीग. त्यावर गवत वाढतं, पाचोळा कुजतो, जवळच्या झाडांची मुळं त्यातून जातात आणि या प्रत्येकावर वेगळी अळंबी येऊ शकते. अळंबी वारुळातून आली आहे की वारुळावर पडलेल्या कचऱ्यातून, हे मूळ तपासल्याशिवाय कळत नाही. बरेचदा वारूळ जमिनीखाली असतं आणि वर सपाट माती दिसते, तिथे तर मुळाशिवाय इलाजच नाही.

बीजाणूंचा ठसा कसा घ्यायचा?

पूर्ण उघडलेली एक छत्री घ्या, देठ छाटा. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा असा कागद ठेवा, त्यावर पापुद्रे खाली करून छत्री ठेवा. वरून पाण्याचा एक थेंब सोडा, वाटी उपडी घाला आणि सहा ते बारा तास हलवू नका. कागद ओला झाला तर ठसा फुटतो. दमट हवेत कागदाऐवजी काच वापरा आणि मग ती पांढऱ्या कागदावर धरून बघा.

टर्मिटोमायसिसचा ठसा फिकट गुलाबी किंवा गुलाबीसर मलई रंगाचा येतो. ठसा हिरवट आला तर सगळी टोपली टाकून द्या. पांढराशुभ्र आला तरी टाकून द्या. गुलाबी आला म्हणून मात्र लगेच चुलीवर चढवू नका, कारण एंटोलोमा या प्रजातीतल्या काही विषारी अळंब्यांचा ठसाही गुलाबीच असतो. एंटोलोमाचे पापुद्रे देठाला चिकटलेले असतात आणि तिला खोल जाणारं मूळ नसतं. ठशामुळे संशयित बाद होतात, इतकाच त्याचा उपयोग.

कोणत्या अळंब्यांशी गल्लत होते?

सगळ्यात जास्त क्लोरोफायलम मोलिबडायटीसशी. गवताळ माळावर, कुरणात, बागेत ती पावसात गोलाकार रांगेने उगवते. छत्री थाळीएवढी होऊ शकते, पांढरी, मध्यभागी तपकिरी खवले. देठावरचं कडं वर-खाली सरकतं. कोवळेपणी पापुद्रे पांढरेच असतात आणि इथेच माणूस फसतो. पिकल्यावर ते हिरवट राखाडी होतात. देठाचा तळ फुगीर असतो आणि तिथेच संपतो.

सगळ्यात घातक अमॅनिटा. तिच्या देठाच्या बुडाशी पातळ पिशवी किंवा फुगीर गड्डा असतो, वर बहुतेकदा कडं, पापुद्रे पांढरे आणि पांढरेच राहतात. छत्रीवरचे ठिपके ओळखीची खूण म्हणून सांगितले जातात, पण जोराच्या पावसात ते धुऊन जातात. शिवाय अमॅनिटाच्या काही प्राणघातक जातींवर ठिपके नसतातच. देठ जमिनीलगत मोडून आणला तर पिशवी मातीत राहते आणि ओळखायची एकमेव खात्रीची खूण हातची जाते. म्हणून अनोळखी अळंबी कधीही वरच्यावर खुडून तपासायला आणू नये.

लांब मूळ असलेली आणखी एक अळंबी आहे, झेरुला गटातली. ती मातीत गाडलेल्या लाकडावर येते. छत्री बुळबुळीत, पापुद्रे विरळ आणि देठाला टेकलेले, ठसा पांढरा. ती विषारी मानत नाहीत, पण लांब मूळ दिसलं की काम झालं असं समजणाऱ्यांनी ही लक्षात ठेवावी.

चांदीचं नाणं, लसूण, तांदूळ या कसोट्या चालतात का?

एकही चालत नाही. अमॅनिटातलं विष चांदी काळी पाडत नाही, लसणाचा किंवा तांदळाचा रंगही बदलत नाही. गोगलगाय किंवा किडा खातो म्हणजे माणसाला चालते, हेही खोटं. गोगलगायी अमॅनिटा बिनदिक्कत खातात. साल सोलून, मीठ-हळदीच्या पाण्यात उकळून, पाणी फेकून, वाळवून किंवा चिंच घालूनही हे विष जात नाही. ते उष्णतेने मोडत नाही. चवही काही सांगत नाही, वाचलेल्या अनेकांनी ती चविष्ट होती असंच सांगितलं आहे.

न उघडलेल्या कळ्या जास्त चविष्ट असतात. त्या घ्याव्यात का?

चविष्ट असतात, टिकतातही जास्त. पण नवख्याने फक्त कळ्या घेऊ नयेत, कारण कळीत पापुद्र्यांचा रंग, टोक, कडेच्या चिरा यातलं काहीच धड दिसत नाही. त्याच वारुळावर उघडलेल्या अळंब्या असतील आणि त्यांची ओळख पटली असेल तरच त्यांच्या शेजारच्या कळ्या घ्या, आणि प्रत्येक कळी उभी चिरा. जमिनीतून नुकत्याच आलेल्या अंड्यासारख्या गोळ्यात, पातळ आवरणाआड दुमडलेल्या छत्रीची आकृती दिसली तर ती अमॅनिटा असू शकते.

तोडताना काय सांभाळायचं?

देठ मातीलगत धरून हलकेच पिळत वर ओढा. मूळ जिथे तुटेल तिथे तुटू द्या. कुदळ किंवा फावडं लावायचं नाही. मुळाच्या मागे पोळ्यापर्यंत खणलं की पोळं फुटतं, वाळवी ती जागा सोडते आणि पुढच्या वर्षी तिथे काही येत नाही. जास्तीचं हाताला लागतं ते तरी काय, तर बोटभर चिवट मूळ.

प्रत्येक वारुळावरच्या निदान एक तृतीयांश अळंब्या उघडून फाटेपर्यंत राहू द्या. वाळवीच्या बहुतेक जातींत नव्या वसाहतीकडे स्वतःची बुरशी नसते. राजा-राणीची पहिली कामकरी पिल्लं बाहेर पडतात आणि जमिनीवर पडलेले बीजाणू शोधून आणतात. परिसरातल्या सगळ्या कळ्या खुडल्या तर नव्या वारुळांना बुरशी मिळणार कुठून? गेल्या काही वर्षांत अळंबी कमी झाली अशी तक्रार होते, त्यामागे जमिनी सपाट करणं आणि वारुळं खणणं ही दोन कारणं तरी उघड आहेत.

पिशवी प्लास्टिकची नको. वेताची टोपली किंवा कापडी पिशवी घ्या, आणि देठाचा मातकट भाग जागेवरच छाटून टाका. एकीची माती दुसरीच्या पापुद्र्यांत गेली की ती धुऊनही निघत नाही. ओळख न पटलेली अळंबी वेगळ्या कागदात ठेवा, त्याच टोपलीत नको.

कोणत्या जागेवरची घेऊ नये?

आंबा-काजूच्या बागांत आणि घरांच्या आसपास वाळवीसाठी क्लोरपायरिफॉससारखी औषधं ओततात. अशा वारुळावरची अळंबी दिसायला छान असली तरी नको. हमरस्त्याच्या कडेची, खाणींच्या आणि कचरा डेपोच्या परिसरातलीही नको. अळंबी मातीतून कॅडमियम, शिसं, पारा यांसारखे जड धातू शोषून घेते आणि ते शिजवून जात नाहीत.

जंगलातून तोडायला परवानगी लागते का?

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातून कुठलीही वनोपज काढायला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार मनाई आहे. इतर राखीव जंगलांत वनखात्याचे नियम लागतात. खासगी जमिनीवर मालकाला विचारा.

बाजारातून घेताना काय बघायचं?

ती बहुधा पानात बांधून वाट्यावर मिळते. जुडी सोडून बघा. वर टपोऱ्या आणि आत बसलेल्या अळंब्या हा प्रकार सर्रास चालतो. देठ दाबल्यावर घट्ट लागला पाहिजे. पापुद्रे काळपट, ओलसर किंवा आंबूस वासाचे असतील तर सोडून द्या. देठाला मुळाचा थोडा तरी भाग असलेलीच घ्या, कारण सगळी छाटून साफ केलेली अळंबी तपासताच येत नाही. जुडीत वेगळ्या आकार-रंगाची एखादी दिसली तर ती काढून उरलेली घ्यायची नाही, जुडीच ठेवून द्यायची.

साफ कशी करायची?

भिजत घालू नका. ती स्पंजसारखी पाणी पिते आणि कढईत शिजण्याऐवजी उकडत बसते. आधी मुळाची साल सुरीने खरवडा, छत्रीवरची माती मऊ ब्रशने झटका, मग एकेक अळंबी वाहत्या पाण्याखाली पटकन धरून कापडावर पालथी घाला. प्रत्येक अळंबी छत्रीपासून देठापर्यंत उभी चिरा. देठाच्या आत तपकिरी बोगदे दिसले तर आत अळ्या आहेत. एखाद-दुसरा बोगदा छाटून टाकता येतो, पण गर भुसभुशीत झाला असेल तर ती टाका. थोड्या अळ्यांची शंका असेल तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालून दहा मिनिटं ठेवा. भिजवायची मुभा तेवढीच.

कच्ची किंवा अर्धी कच्ची खाल्ली तर?

पोट बिघडण्याची शक्यता जास्त. अळंबीच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, ते आपल्याला नीट पचत नाही, आणि मातीतले जंतू चिकटलेले असतातच. मध्यम आचेवर किमान १५ ते २० मिनिटं शिजवा.

पाव किलो साफ अळंबीला दोन मोठे चमचे तेल पुरतं. देठ पातळ चिरून आधी पाच मिनिटं परता, मग छत्रीचे तुकडे आणि मीठ घाला. ती भरपूर पाणी सोडते. वरून पाणी घालू नका आणि ते पाणी आटेपर्यंत वाटणही घालू नका. घाई करून खोबऱ्याचं वाटण आधी टाकलं की रस्सा पचपचीत होतो आणि अळंबी रबरासारखी लागते. पाणी आटून कडेला तेल दिसू लागलं की वाटण, आमसूल अगदी शेवटी. मसाला बेताचा ठेवा. गरम मसाल्याने तिचा मातकट गोडसर वास मरून जातो, मग कुठलीही अळंबी वापरली तरी काय फरक पडतो?

पहिल्यांदा खाताना किती खावी?

ओळख पक्की असली तरी पहिल्या वेळी शिजवलेली चार-पाच मोठे चमचे पुरे. त्यासोबत दुसरी कुठलीही जंगली अळंबी नको, मद्य नको. एक अख्खी कच्ची अळंबी मुळासकट कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवा. काही त्रास झाला तर डॉक्टरांना दाखवायला तोच नमुना लागतो. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी पहिली चव घेऊ नये.

मटणाइतकी प्रथिनं असतात हे खरं का?

वाळलेल्या अळंबीचे आकडे ताज्या अळंबीला चिकटवल्याने हा गैरसमज पसरला. ताज्या अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असतं. वाळवल्यावर उरलेल्या भागात जातीनुसार साधारण २० ते ३० टक्के प्रथिनं असतात. म्हणजे १०० ग्रॅम ताज्या अळंबीतून दोन-तीन ग्रॅम मिळतात, तर तेवढ्याच मटणातून वीसच्या आसपास. प्रथिनांचा दर्जा चांगला असतो, भाजीच्या मानाने प्रमाणही बरं आहे. पण पावसाळ्यात चार वेळा होणाऱ्या भाजीवर प्रथिनांची गरज भागवायचा हिशेब मांडू नका.

तिचं खरं बळ दुसरीकडे आहे: उष्मांक कमी, चरबी नगण्य, तंतू भरपूर, पोटॅशियम आणि ब गटातली काही जीवनसत्त्वं. मांसाहार कमी करणाऱ्यांना तिची चव आणि दाताखालचा पोत दोन्ही उपयोगी पडतात.

जीवनसत्त्व ड, ब-१२ आणि लोह मिळतं का?

अळंबीत एर्गोस्टेरॉल असतं आणि त्यावर अतिनील किरणं पडली की ड-२ तयार होतं. सावलीत उगवलेल्या ताज्या अळंबीत ते थोडं असतं. चिरून, पापुद्रे वर करून, दुपारच्या थेट उन्हात अर्धा-एक तास ठेवली तर वाढतं. काचेच्या खिडकीआड नाही, कारण काच ते किरण अडवते. आता श्रावणात दुपारचं सलग ऊन मिळालं तर!

ब-१२ साठी तिच्यावर विसंबू नये. लोहाचे काही आकडे फार मोठे दिसतात, त्यातलं थोडं श्रेय नीट न धुतलेल्या तांबड्या मातीचंही असतं.

मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत उपयोग होतो का?

जेवणाचा भाग म्हणून चालते. पिष्टमय पदार्थ कमी आणि तंतू जास्त असल्याने साखर झपकन वाढत नाही. ताटातला थोडा भात कमी करून तिची भाजी वाढवली तर फायदा खरा. बीटा-ग्लुकन हे तंतू अळंब्यांमध्ये असतात आणि त्यांचा कोलेस्टेरॉलवर होणारा परिणाम प्रामुख्याने ओट्स आणि जवातल्या बीटा-ग्लुकनवर तपासला गेला आहे. अळंबीतल्याची रचना वेगळी असते, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा इकडे उचलता येत नाही. गोळ्या बंद करायचं कारण तर मुळीच नाही.

कर्करोग, स्मरणशक्ती, रोगप्रतिकारशक्ती यांवर औषध आहे म्हणतात...

प्रयोगशाळेत बरंच काम झालं आहे. टर्मिटोमायसिसच्या अनेक जातींतून बहुशर्करा (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) वेगळ्या काढून पेशींवर आणि उंदरांवर त्यांचे प्रतिकारशक्तीशी निगडित परिणाम तपासले गेले. २००० साली जपानी संशोधकांनी चीनमध्ये खाल्ल्या जाणाऱ्या टर्मिटोमायसिस अल्ब्युमिनोससमधून टर्मिटोमायसिस्फिन नावाची द्रव्यं वेगळी काढली. उंदराच्या पीसी-१२ या पेशींना त्या द्रव्यांनी चेतापेशींसारखे फाटे फुटतात असं दिसलं. 'मेंदूसाठी गुणकारी' या जाहिरातीचं मूळ असल्याच कामात असतं.

आता यातून काय निघतं ते बघा. काचेच्या ताटलीतल्या पेशींवर शुद्ध द्रव्य टाकणं वेगळं आणि भाजी खाऊन ते पोटातून, यकृतातून मेंदूपर्यंत योग्य मात्रेत पोचणं वेगळं. या मधल्या पायऱ्या भाजीने पार केल्याचं कुणी दाखवलेलं नाही. म्हणून कर्करोगाच्या किंवा विसरभोळेपणाच्या रुग्णाला 'औषध' म्हणून ती देऊ नये. केमोथेरपी चालू असलेल्याची प्रतिकारशक्ती घटलेली असते. त्याला तर जंगलातून आणलेली, मातीतली अळंबी देणं उलट धोक्याचं.

कुणी खाऊ नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, पाच-सहा वर्षांखालची मुलं, यकृताचे रुग्ण आणि अवयव प्रत्यारोपण झालेले यांनी जंगली अळंबी टाळावी. ओळखण्यातली चूक यांच्या बाबतीत सगळ्यात महागात पडते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारावं, वाळलेल्या अळंबीच्या बाबतीत विशेषच. गाऊटवाल्यांनी (युरिक आम्लामुळे सांधे सुजणाऱ्यांनी) सांधा सुजलेला असताना टाळावी. काहींना अळंबीतली ट्रेहॅलोज ही साखर पचत नाही. त्यांना खाल्ल्यावर थोड्याच वेळात वायू आणि जुलाब होतात. ही विषबाधा नसते, पण घरी बसून हा फरक ठरवू नये.

खाल्ल्यावर त्रास झाला तर?

वेळ बघा, कारण सगळं वेळेवर ठरतं.

एक ते तीन तासांत उलट्या, पेटके, जुलाब सुरू झाले तर क्लोरोफायलमसारखी अळंबी असण्याची शक्यता आहे. त्रास भयंकर होतो, अंगातलं पाणी जातं, पण उपचार वेळेत मिळाले तर माणूस सहसा सावरतो.

सहा तासांनंतर, रात्री जेवून पहाटे किंवा दुसऱ्या दिवशी त्रास सुरू झाला तर अमॅनिटाचा संशय धरायचा. एखाद दिवस उलट्या-जुलाब होतात, मग रुग्णाला बरं वाटतं. हे बरं वाटणं फसवं असतं. याच काळात यकृताच्या पेशी मरत असतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, गुंगी दिसू लागते. 'आता थांबलं' म्हणून घरी परतलेला रुग्ण पुन्हा आणला जातो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून वाट न बघता १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात न्या. मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी करवू नका. दूध, तूप, लिंबू यांनी विष उतरत नाही. जलसंजीवनी वाटेत घोट-घोट द्यायला हरकत नाही, पण ती उपचाराची जागा घेत नाही. उरलेली भाजी, फेकलेले देठ, फ्रीजमधला नमुना आणि खाल्ल्याची नेमकी वेळ सोबत न्या. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्या, त्रास होत नसलेल्यांनाही.

ताजी किती दिवस राहते? वाळवता येते का?

त्याच दिवशी संपवा. फ्रीजमध्ये कागदात सैल गुंडाळून एक दिवस, फार तर दोन. प्लास्टिकच्या पिशवीत तिला घाम सुटतो आणि सकाळपर्यंत बुळबुळीत होते.

पावसाळ्यात उन्हात वाळवायला गेलात तर वाळण्याआधी सडते. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करून ड्रायरमध्ये ४५ ते ५५ अंशांवर सहा ते दहा तास ठेवा, किंवा चुलीवरच्या शिंकाळ्यात जाळीवर पसरा. तुकडा वाकवल्यावर कटकन मोडला पाहिजे. वाकला तर आत ओल आहे, डब्यात बुरशी येणार. दहा किलोचे साधारण एक किलो होतात. वापरताना कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पुन्हा पूर्ण शिजवा.

फ्रीझरमध्ये ठेवायची तर आधी सात-आठ मिनिटं परतून, गार करून, एका वेळेला लागेल तेवढीच एका पिशवीत भरा. कच्ची गोठवली तर सुटल्यावर लगदा होतो. घरी तेलात बुडवून साठवू नका. हवा न लागणाऱ्या, आंबटपणा नसलेल्या तेलात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात.

रोवण अळंबीची पावडर, कॅप्सूल, 'बी' विकत मिळतं. घ्यावं का?

पावडरीत काय दळलंय ते डोळ्यांनी कळत नाही. वाळलेली धिंगरी (ऑयस्टर मशरूम) मिसळणं अगदी सोपं आहे. पाकिटावर एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी परवाना क्रमांक नसेल तर विचारच करू नका. असला तरी तो आजार बरा होण्याची हमी देत नाही.

'बी' तर निव्वळ फसवणूक. टर्मिटोमायसिसची बुरशी प्रयोगशाळेत सावकाश वाढवता येते, पण वाळवीशिवाय तिला छत्र्या आणून व्यापारी उत्पादन घेणं अजून जमलेलं नाही. घरी अळंबी पिकवायचीच असेल तर धिंगरी घ्या, ती पेंढ्यावर येते.

अंगणात वारूळ आहे आणि अळंबी येते. वाळवी घरात शिरेल म्हणून पाडावं का?

बुरशी पाळणारी वाळवी मुख्यतः मेलेलं लाकूड आणि पाचोळा नेते, पण घराची चौकट किंवा कलमांची साल तिच्या वाटेत आली तर सोडत नाही. वारूळ घरापासून लांब असेल तर राहू द्या आणि भिंतीला टेकून लाकूडफाटा रचू नका. जोत्यालगत असेल आणि औषध ओतावंच लागलं तर त्या वारुळावरची अळंबी पुढे खाऊ नका. औषध घातल्याचं शेजाऱ्यांनाही सांगा, कारण ती खुडणारे बरेचदा तेच असतात.